काकू, तुमच्या नळीत सापडलं

प्रिय चष्म्या,

तुझं चार शब्दांचं एक वाक्य आमच्या घराला नेमकं कितीला पडलं, ते आज बसून मोजलं. आईचे दोन्ही गुडघे, कारण अडतीस घरांचे जिने ती चढली, काही घरांचे दोनदा आणि शिंपीणबाईंच्या घराचे पाच वेळा. अडतीस बायकांच्या सह्या. माझी अकरा वर्षं. एक बाई, जिला मी पन्नाशीत हो म्हणणार होतो आणि नाही म्हणालो. आणि यादीत शेवटी तू, कारण पहिलीच्या वर्गातला मित्र साठीत नव्याने करता येत नाही. यातलं काहीच पैशात बसत नाही. बसलं असतं तर बरं झालं असतं, मी धंदेवाला माणूस, तुला बिल पाठवून मोकळा झालो असतो.

पाकिटावर ‘खाजगी’ असं दोनदा लिहिलं आहे, कारण तू त्या मोठ्या संशोधन संस्थेचा संचालक झाल्यापासून तुझं टपाल तुझ्या बाहेरच्या खोलीत फोडलं जातं असं ऐकतो. अक्षर मात्र तू लांबूनच ओळखशील. बाईंनी वर्गात माझी वही उचलून धरून विचारलं होतं की यावरून कोंबडी चालत गेली का, आणि तू उभा राहून म्हणालास की बाई, कोंबडी माझी होती. तुझ्या वाट्याला दोन छड्या आल्या आणि माझ्या वाट्याला एक मित्र. तेव्हापासून तू चष्म्या आणि मी कानसेन. तुला फळ्यावरचं दिसायचं नाही आणि मला मागच्या बाकावरचं कुजबुजणंही ऐकू यायचं, म्हणून आपण दोघे मिळून एक धड विद्यार्थी होतो.

धाकटा बरा आहे. चौपन्न संपलं त्याचं. वसंतात औषध बदललं, वजन वाढलंय, पण हाताची थरथर कमी झाली. रोज नऊ वाजता माझ्याबरोबर कारखान्यात येतो आणि खोक्यातले स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करतो. नऊ कारागिरांत त्याच्याइतकं चोख काम कुणाचं नाही. छतावरचे लोक अजून बोलतात, पण आता ते त्याला शिव्या देत नाहीत, फक्त हवामान सांगतात असं म्हणतो. परवा म्हणाला, ‘दादा, उद्या पाऊस नाही म्हणतायत.’ मी छत्री नेली नाही आणि चिंब भिजून आलो. तर तो म्हणतो कसा, ‘त्यांचं सगळंच कुठे खरं असतं.’ एवढं शहाणपण आपल्या दोघांना असतं, चष्म्या, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सुरुवात तुला आठवत असेल. तो एकोणीसचा होता, मी सव्वीसचा, आणि भंगारातले जुने फ्रीज उचलून, दोनांचा एक करून विकायचा धंदा मी नुकता उभा केला होता. एक दिवस घरी आलो तर आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या मागे त्याने सगळ्या उशा कोंबून ठेवलेल्या. का, तर आतली माणसं त्याच्याबद्दल बोलतात. मी हसलो. मग हसणं थांबवलं, कारण तो घामाने निथळत होता. म्हटलं, चल, उघडूनच बघू. त्याच्यासमोर कॉम्प्रेसर काढला, नळ्या काढल्या, दार काढलं, सगळं जमिनीवर मांडलं. त्याने प्रत्येक तुकडा कानाला लावला आणि शांतपणे मला सांगितलं, ‘तू उघडलंस म्हणून ते गप्प बसले.’ ज्या यंत्राचा बिघाड मी जिन्यावरून नुसता ऐकून सांगतो, त्याच यंत्रात त्याला असं काही ऐकू येत होतं जे माझ्या एवढ्या मोठ्या कानांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या भावाचा आजार आणि माझा धंदा एकाच घरात राहतात.

मग तो म्हातारा डॉक्टर. तू तेव्हा शिकायला लांब होतास, म्हणून मी तुला फक्त पत्रात कळवलं होतं. धाकट्याला तपासायला त्याने दहा मिनिटं घेतली आणि आईला तपासायला एक तास. मुलाला दूध किती महिने पाजलं, मारलं का, जवळ घेतलं का, नवऱ्याशी पटत होतं का. आई उत्तरं देत होती आणि तो मान हलवत होता. शेवटी तो म्हणाला की काही बायका मुलाला जवळही घेतात आणि दूरही लोटतात, मग मुलाच्या मनाचे दोन तुकडे होतात. आईने त्याला नमस्कार केला, घरी आली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. पुढची चोवीस वर्षं तिने ते वाक्य कुणाला सांगितलं नाही आणि एक दिवसही विसरली नाही. धाकट्याच्या खोलीत शिरताना दारात थबकायची, आत जावं की जाऊ नये, जास्त जवळ होतंय की जास्त लांब. स्वतःच्या मुलाच्या खोलीत शिरायला माझ्या आईला चोवीस वर्षं परवानगी नव्हती.

आता कपाटाचं सांगतो. तुला माहीत असलं तरी सांगतो, कारण त्याच्याबद्दल बोलताना माझी छाती फुगते हे तू नेहमी चेष्टेने म्हणायचास. आमच्या वेळच्या प्रसूतिगृहात गरोदर बायकांचं रक्त कसल्याशा वेगळ्याच अभ्यासासाठी घ्यायचे आणि त्यातलं पाणी वेगळं काढून बारीक नळ्यांत गोठवून ठेवायचे. अभ्यास करणारे गेले, नळ्या राहिल्या, जवळजवळ तीन हजार. ते शीतकपाट सव्वीस वर्षांपूर्वी देखभालीसाठी माझ्याकडे आलं. आईच्या जुन्या कार्डावर नंबर होता, एक हजार सत्तेचाळीस. म्हणजे धाकटा पोटात असतानाचं तिचं रक्त माझ्या हवाली होतं. पंतप्रधानाच्या तिजोरीवर नसेल असा पहारा मी त्या कपाटावर दिला. दाराचं रबर दर वर्षी बदललं, दर सोमवारी कान लावून मोटर ऐकली. वादळानंतर दोन दिवस वीज नव्हती तेव्हा हातगाडीवरून कोरडा बर्फ ओढत आणला, तळहात पोळून निघाले, पण काटा उणे सत्तरच्या वर सरकू दिला नाही. जो भेटेल त्याला मी ऐकवलं आहे की डॉक्टरांना जे जमलं नाही ते मी केलं, माझ्या आईचं रक्त मी जपलं, एक थेंब वाया जाऊ दिला नाही.

म्हणून बारा वर्षांपूर्वी तू परत आलास आणि म्हणालास की तुला ते कपाट उघडायचं आहे, तेव्हा मला वाटलं की माझी सगळी राखण याच दिवसासाठी होती. तू माझ्या कारखान्यात उलट्या डब्यावर बसून समजावलंस. काही लोकांना शंका आहे, म्हणालास, की स्किझोफ्रेनियाचं मूळ कधी कधी जन्माच्या आधी असावं. आई गरोदर असताना तापाची साथ आली, विषाणूने तिला गाठलं, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या घडणीत कुठेतरी एखादा टाका चुकत असेल, आणि तो वीस वर्षांनी उसवत असेल. सगळ्यांच्यात नाही, फार थोड्यांच्यात. असेल, नसेल, शोधायला हवं. मी विचारलं, इतक्या वर्षांनी विषाणू सापडणार कसा? तू म्हणालास, चोर गेला तरी कडी वाकलेली राहते. विषाणूशी लढताना शरीर जी हत्यारं बनवतं ती रक्तात मागे राहतात, ती शोधायची. मला ते फार आवडलं. ते वाक्य मी पुढे वीस जणांना माझं म्हणून सांगितलं.

अडचण एकच होती. नळ्या उघडायला बायकांची सही हवी, आणि त्यांच्या मुलांची कागदपत्रं बघायलाही. ज्यांच्या घरात असा आजारी मुलगा किंवा मुलगी होती त्या आयांनी तुझ्या माणसांना दारातून परत पाठवलं. का पाठवणार नाहीत? डॉक्टर घरात आला की पहिला प्रश्न दूध किती महिने पाजलं हाच असतो, हे त्या सगळ्या भोगून बसल्या होत्या. तीन महिन्यांत, आईची पहिल्याच दिवशीची सही सोडून, तुझ्या हातात चार सह्या. तू माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावलास. म्हणालास, चाळीस नाही झाल्या तर अभ्यासच बंद होईल. मी म्हटलं, आईला विचारून बघ, मंगळवारी सगळ्या आजाऱ्यांच्या आया तिच्याकडे जमतात, तिचा शब्द चालतो. म्हणजे रस्ता मीच दाखवला. त्याचा दोष तुझ्यावर टाकत नाही.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. शनिवार, दुपारचे तीन. आई ओट्याशी उभी, मी नळाजवळच्या स्टुलावर, तू खिडकीपाशी, चष्मा पुसत. तू म्हणालास, ‘काकू, तुमच्या नळीत सापडलं.’ आईने गॅस बंद केला. तू पुढे बोलत राहिलास की त्या हिवाळ्यातल्या तापाची खूण आहे, स्पष्ट आहे, तुमचं वागणं नाही, तुमचं दूध नाही, काही नाही, तो ताप होता. आईने विचारलं, ‘नक्की?’ तू म्हणालास, ‘माझ्या डोळ्यांनी पाहिलं.’ ती जमिनीवरच बसली. ओढणीएवढ्या त्या हातपुसण्याच्या फडक्यात तोंड घातलं आणि किती वेळ वर काढलंच नाही. मग उठली, धाकट्याच्या खोलीकडे गेली, आणि दारात न थबकता आत शिरली. मी तुला जिन्यापर्यंत सोडायला आलो होतो. मी तुझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तू म्हणालास, अरे, वेडा झालास का, आणि भराभर उतरून गेलास. तुला घाई असेल असं मला वाटलं.

त्याच मंगळवारपासून आई निघाली. त्र्याहत्तर वर्षांची बाई, तू दिलेल्या कागदांची पिशवी खांद्याला लावून जिने चढायची. प्रत्येक घरात एकच गोष्ट सांगायची, माझ्या नळीत सापडलं, तुझ्याही सापडेल, आपण काही केलेलं नाही गं. शिंपीणबाई सगळ्यात हट्टी. त्यांची मुलगी आजारी, आणि सासरच्यांनी त्यांना ‘पोरीला वेड लावणारी’ अशी पदवीच दिली होती. चार वेळा त्यांनी दार लावून घेतलं. पाचव्या वेळी आई म्हणाली, ‘सही देऊ नकोस, नुसतं पाणी दे, जिना उंच आहे तुझा.’ पाणी प्यायला बसली ती दोन तास बसली, आणि सही घेऊन उठली. अशा अडतीस. तुझ्या चार मिळवून बेचाळीस झाल्या, आणि तुझा अभ्यास वाचला. आवळा देऊन कोहळा काढणारे लोक मी धंद्यात पुष्कळ पाहिले, पण त्यांच्या हातात निदान आवळा असतो.

आता जे तुला माहीत नाही ते सांगतो. कुणालाच माहीत नाही. तू त्या दिवशी ‘त्या हिवाळ्यातला ताप’ म्हणालास, आणि आईच्या छातीवरचा दगड उतरला तो सरळ माझ्या छातीवर आला. कारण तो ताप घरात मी आणला होता. मी सात वर्षांचा होतो, शाळेतून तापाने फणफणून आलो. पाचव्या महिन्यातली आई चार रात्री माझ्या उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती, मी तिचा पदर सोडत नव्हतो, आणि पाचव्या दिवशी ती आडवी झाली. मला तिच्या खोकण्याचा आवाज आठवतो, माझ्या कानातून कुठलाच आवाज जात नाही. म्हणजे सरळ हिशेब होता. मी आजारी पडलो नसतो तर धाकटा आज कुठेतरी बापमाणूस होऊन मुलांवर ओरडत असता. आणि मला तो ताप कोणी दिला असेल? बाकावर माझ्या शेजारी कोण शिंकत होतं ते तुला चांगलं माहीत आहे. पण तो विनोद करायलाही मला अकरा वर्षं लागली.

वाचनालयातल्या बाई तुला भेटल्या होत्या एकदा, वाचनालयाचा वातानुकूलक दुरुस्त करता करता माझं त्यांच्याकडे जाणं वाढलं होतं. तू मला चिडवलंस की कानसेन, तो वातानुकूलक इतका कसा रे बिघडतो? पन्नासाव्या वर्षी मला कुणीतरी वाट बघणारं मिळालं होतं. त्यांनी स्वतः विचारलं. तुझ्या त्या शनिवारनंतरचा तिसरा आठवडा असेल. मी म्हणालो की धाकट्याला सोडून मला कुठे जाता येणार नाही. त्या म्हणाल्या, सोडायला कोण सांगतंय, तिघे राहू, चौघे राहू. मी तरी नाही म्हणालो. ज्याचं आयुष्य मी खाल्लं त्याच्या डोळ्यांदेखत आपला संसार मांडायचा, हे माझ्याच्याने होईना. कारण सांगितलं नाही. त्या वर्षभर थांबल्या, मग बहिणीच्या गावी बदली मागून गेल्या. तुला मी सांगितलं होतं की जमलं नाही. तू म्हणालास, तुला काय जमतंय बायकांशी, फ्रीजवाल्या. आपण दोघेही हसलो होतो.

तुझा अभ्यास छापून आला. तू मोठा झालास, आणि खरं सांगतो, मला अभिमान वाटायचा. तुझा फोटो कारखान्यात लावलेला आहे, धाकटा रोज पुसतो. इथे तुझ्या जागी जी नवी मुलगी आली, तिशीची असेल, सरळ बोलणारी, तिला म्हणे हे पटेना की बायकांनी रक्त दिलं, सह्या दिल्या, आणि त्यांना कधी कुणी काय सापडलं ते सांगितलंच नाही. तू सांगणार होतास. घरोघर जाऊन सांगेन असं तू आईला म्हणाला होतास, ते राहून गेलं, मोठ्या माणसाला कामं असतात. तिने मागच्या महिन्यात सगळ्यांना पत्रं पाठवली. बेचाळीसपैकी अकरा जणींच्या नळीत त्या तापाची खूण, आणि निरोगी मुलांच्या बेचाळीस आयांमध्येही सात जणींच्या. फरक आहे, पण एवढ्याशा फरकावरून काहीही ठामपणे सांगता येत नाही, असं तिने साध्या भाषेत लिहिलंय. शिंपीणबाईंच्या नळीत नाही सापडलं. त्या आईकडे येऊन रडल्या. आई म्हणाली, मशीन चुकलं असेल, माझ्यात सापडलंय ना, मग तुझं माझं वेगळं कसं असेल?

आईचं पत्र मात्र मागाहून, गेल्या गुरुवारी आलं. तिचे डोळे गेलेत, वाचून मी दाखवतो. पहिल्या ओळीत नमस्कार, दुसऱ्या ओळीत आभार, आणि तिसरी ओळ अशी की आपला नमुना या अभ्यासात तपासला गेला नव्हता. चौथ्या ओळीत, नळ्या आता ठेवल्या आहेत त्या नव्या इमारतीत येऊन सगळी व्यवस्था पाहण्याचं आमंत्रण. मी दुसऱ्या ओळीवरून सरळ चौथ्यावर गेलो. वाचता वाचता, आवाजही न बदलता. म्हणजे खोटं बोलणं किती सोपं असतं ते मलाही कळलं, तेवढं तुझ्या बाजूने लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे गेलो. म्हटलं, बाई, काहीतरी घोटाळा आहे, माझ्या आईच्या नळीत सापडलं होतं, संचालकसाहेबांनी स्वतः पाहिलं होतं. तिने बिचारीने तासभर सगळे कागद धुंडाळले. मग जुनी वही माझ्यापुढे ठेवली. एक हजार सत्तेचाळीस, पुढे तुझ्या अक्षरात ‘वगळावे’, आणि त्यापुढे कारण. तारीख तुझ्या अभ्यासाच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे तू आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिलास त्याच्या पाच महिने आधी तुला माहीत होतं. कारण काय लिहिलंय त्याकडे येतो, आधी हे पचवू दे. ती मुलगी काहीतरी विचारत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. मी, ज्याला शिंकेवरून माणूस ओळखता येतो, गिऱ्हाईक ‘उद्या नक्की’ म्हणालं की त्यातला ‘नक्की’ किती पोकळ आहे ते कळतं, तो मी त्या शनिवारी तुझ्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. म्हणशील, काकूंना बरं वाटलं ना? चोवीस वर्षांचं ओझं उतरलं ना? उतरलं. त्या फडक्यातून तिने तोंड वर काढलं तेव्हा ती दहा वर्षांनी लहान दिसत होती, ते मी नाकारत नाही. पण मी त्या मुलीला विचारलं की तो म्हातारा डॉक्टर जे म्हणाला, आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो, ते आता तरी कुणी मानतं का? ती चकित होऊन म्हणाली, काका, ते तर केव्हाच टाकून दिलं, आम्हाला शिकवायला होते त्या मास्तरांच्याही आधी. म्हणजे बारा वर्षांपूर्वी तुलाही माहीत होतं. तू एवढंच म्हणू शकला असतास की काकू, तो डॉक्टर चुकला होता, हे कशाने होतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही, पण तुमच्यामुळे नाही हे कळलंय. ते खरं होतं. तेवढं तिला पुरलं असतं. पण त्याने ती जिने चढली नसती. जिने चढण्यासाठी तिला ‘सापडलं’ हवं होतं, आणि तुला जिने चढणारी बाई हवी होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापताना तूही रडला असशील, तेही मी धरून चालतो.

तर आता हे पत्र का लिहिलं ते. आई येत्या गुरुवारी अकरा वाजता नव्या इमारतीत येणार आहे. आमंत्रण मीच वाचून दाखवलं, आता नाही म्हणायला तोंड नाही. तिला ती नळी हातात घेऊन बघायची आहे. मंगळवारच्या बायकांपैकी ज्यांना चालवतं त्या सगळ्या बरोबर येतायत, शिंपीणबाईसुद्धा, कारण आईने त्यांना शब्द दिलाय की तुला दाखवते कुठे सापडलं ते. मी त्या मुलीला गप्प राहायला सांगू शकलो असतो, तिने ऐकलंही असतं कदाचित. नाही सांगितलं. पण आईला हे तिसऱ्या माणसाकडून कळता कामा नये, आणि माझ्याकडून तर नाहीच, कारण मी बोलू लागलो तर माझ्या तापापर्यंत जाईन, आणि ते तिला या वयात कळू द्यायचं नाही. तूही त्याबद्दल तोंड उघडायचं नाहीस. तू बुधवारी सकाळच्या गाडीने निघ. गुरुवारी तिच्यासमोर उभा राहा, चष्मा न पुसता, आणि तिला दोन वाक्यं सांग: तुमच्या नळीत सापडलं नव्हतं, आणि तुमचा दोष नव्हता. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, तू त्यांची गाठ मारलीस, तूच सोडव. नंतर इतर बायकांनाही सांग की ही बाई तुमच्याशी खोटं बोलली नाही. आई मला काय म्हणेल, तुला काय म्हणेल, मला ठाऊक नाही. तुझा फोटो अजून भिंतीवरच आहे, धाकट्याला काय सांगून उतरवू ते सुचलेलं नाही. राहिलं तुझं ते कारण. मुलीने हातमोजे घालून खोकं बाहेर काढलं आणि मला दाखवलं. एक हजार सत्तेचाळीस आपल्या जागेवर आहे. संपलेली नळीसुद्धा फेकत नाहीत, नाहीतर पुढच्या सगळ्यांच्या जागा चुकतात. आतलं रक्त कुणीतरी दुसऱ्याच तपासणीसाठी वापरून संपवलं होतं, आणि तारीख झाकणावर आहे: ते कपाट माझ्याकडे आलं त्याच्या सहा वर्षं आधीची.

अजून सवयीने तुझाच,
कानसेन